सिद्धूचा सात वाट्यांचा डबा

मानस, तू आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं होतंस की बहिणीला, मयुराला, घेऊन मेडिकल बोर्डासमोर जायचंय, तिचा आजार हार्मोनचा आहे, कुणी जाऊन आलंय का. खाली हरिदासभाऊंनी लिहिलं, शैलावहिनींना विचारा. त्याला चार दिवस झाले. चार दिवस मी तुझा मेसेज उघडते आणि फोन उलटा करून ठेवते. तुमची तारीख येत्या मंगळवारी आहे म्हणून आज लिहिते. आमची पण मंगळवारचीच होती.

मी चौथी शिकलेली बाई आहे. लुंबिनी म्हणते, मम्मी, बोलतेस तसंच टाइप कर, चुकलं तर चुकलं. काय लिहिणार आहेस ते तिनं विचारलं नाही. ती पण या ग्रुपवर आहे. जे मी तिला एक वर्षात तोंडानं सांगू शकले नाही ते ती आता तुमच्यासोबतच वाचेल.

नव्या लोकांना सिद्धू माहीत नसेल. सिद्धांत काशीनाथ मेश्राम, माझा मुलगा, लुंबिनीचा लहान भाऊ. गेला तेव्हा सत्तावीसचा होता.

आम्ही मूळचे पुलगावकडचे. आमचे हे इथं दिल्लीत मिनिस्ट्रीत दफ्तरी होते, फायली लावणं, बांधणं, या टेबलावरून त्या टेबलावर नेणं. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये दोन्ही मुलं वाढली. दर रविवारी जेवण झालं की हे जमिनीवर चादर अंथरायचे आणि पूर्ण आठवड्याचे कपडे स्वतः इस्त्री करायचे. स्वतःचे, मुलांचे, माझ्या साड्यासुद्धा. मी म्हणायची, खाली झाडाखाली प्रेसवाला बसतो ना, त्याला द्या. तर म्हणायचे, "प्रेसवाला कपडा सरळ करतो, मी माणूस सरळ करतो." मुलांना सांगायचे की साहेब लोक आधी कॉलर बघतात, मग तोंड बघतात. आपण मळकं गेलो की त्यांना आपल्याबद्दल जे आधीच वाटत असतं ते पक्कं होतं. आजारी असलात तरी ऑफिसात सरळ उभं राहायचं. हे त्यांनी इतकं सांगितलं, इतकं सांगितलं, की सिद्धूच्या हाडात गेलं.

सिद्धूला लहानपणापासून बसचं वेड. कुठली बस कुठून निघते, कुठं वळते, कुठल्या स्टॉपला रिकामी होते, सगळं पाठ. कॉलेजातून येताना स्टॉपवर उगाच अर्धा तास बसून राहायचा. एखादी म्हातारी विचारायची, बेटा, सफदरजंग जाना है. हा म्हणायचा, "अम्मा, ये वाली मत लो, ये आपको पूरी दिल्ली दिखा के छोड़ेगी. पीछे हरी वाली आ रही है, उसमें सीट भी मिलेगी." आणि खरंच मागून हिरवी यायची. लुंबिनी चिडवायची, "याला चौकशीच्या खिडकीत बसवा." तो म्हणायचा, "दीदी, खिडकीतला माणूस उत्तर देत नाही. मी देतो. तेवढाच फरक."

एकोणिसाव्या वर्षी तो काळा पडायला लागला.

आधी मला वाटलं उन्हानं. बसस्टॉपवर बसतो, दिल्लीचं ऊन, होणारच. मग नातेवाईक म्हणायला लागले, अगं शैला, पोरगा किती काळवंडला. मी बेसन आणि दूध कालवून त्याच्या तोंडाला लावायची. तो गप बसून लावून घ्यायचा. कॉलेजातली पोरं हसायची त्याला. बारीक होत चालला. आणि मीठ. मानस, मिठाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. यांना बीपी होतं म्हणून आमच्या घरात मीठ कमी. सिद्धू चोरून खायचा. लोणच्याच्या बरणीतला खार वाटीत ओतून प्यायचा. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर हा तळहातावर मीठ घेऊन चाटत उभा होता, गाईसारखा. मी ओरडले. बाप बीपीनं हैराण आणि तू हे काय करतोस. मी मिठाची बरणी पिठाच्या डब्यामागं लपवली.

पंधरा दिवसांनी त्याला साधा ताप आला आणि तो बाथरूममध्ये पडला. उठेच ना. मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक डॉक्टरबाई होती, बारीकशी, मुलगीच वाटायची. तिनं त्याचा तळहात उघडून मला दाखवला. हाताच्या रेषा काळ्या. पेनानं ओढल्यासारख्या. मग त्याच्या हिरड्या दाखवल्या, त्या पण काळ्या. म्हणाली, "माताजी, ये धूप का काला नहीं है." त्याच्या किडनीवर दोन छोट्या ग्रंथी असतात म्हणे, त्या मेल्या होत्या. माणसाला ताप आला, मार लागला, भीती वाटली, तर शरीराला उभं ठेवणारं जे हार्मोन असतं ते त्याच्यात तयारच होत नव्हतं. ते आता गोळीतून द्यायचं, जिवंत असेपर्यंत. मी विचारलं, मीठ? ती म्हणाली, "उसका शरीर नमक माँग रहा था. वो ठीक कर रहा था."

मी ती बरणी डब्यामागून काढली आणि टेबलावर ठेवली. अजून तिथंच आहे.

डॉक्टरबाईनं मला तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. शाळेत पाढे घेतात तसं. एक, गोळी एक दिवस पण चुकवायची नाही. दोन, ताप, दुखापत, परीक्षा, टेन्शन, त्या दिवशी गोळी डबल. तीन, उलटी झाली की गोळी पोटात राहत नाही, मग मांडीत इंजेक्शन द्यायचं आणि दवाखान्यात आणायचं. संत्र्यावर टोचून टोचून मला इंजेक्शन शिकवलं. आणि म्हणाली, "माताजी, सोचना मत. पहले इंजेक्शन, बाद में सवाल." हे वाक्य तिनं माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं.

गोळ्या सकाळी वेगळ्या, दुपारी वेगळ्या, त्यात एक अगदी बारकी अर्धी. माझ्या लक्षात राहीना. म्हणून मी माझा मसाल्याचा स्टीलचा डबा घासून पुसून घेतला. सात वाट्या असतात ना त्यात. मधली वाटी रविवार. मग डब्याला जिथं पोचा आहे तिथून सोमवार, आणि गोल. दर शनिवारी मी पाकिटं कात्रीनं कापून सातही वाट्या भरायची. तो स्वतः घ्यायचा आणि मी रोज सकाळी चहा ठेवता ठेवता झाकण उघडून बघायची, आजची सकाळची घेतली का, कालची वाटी रिकामी झाली का. आठ वर्षं. एक दिवस चुकला नाही. सिद्धू म्हणायचा, "मम्मी, मी तुझा मसाला आहे. आज जिरं, उद्या मोहरी." खरंच, सुरुवातीला गोळ्यांना जिऱ्याचा वास यायचा.

गोळीवर तो बरा दिसायचा. हेच सांगायचंय तुला. बरा दिसायचा, बरा नव्हता. कॉल सेंटरला लागला, तिथं शिफ्ट बदलायची, गोळीची वेळ बदलायची, दोन महिन्यांत दोनदा ॲडमिट. मग एका कुरियरच्या गोदामात लागला, तिथं मे महिन्यात पडला. मालक म्हणाला, भाई, तू अच्छा लड़का है, पर मेरे यहाँ मर मत जाना. मग घरीच मोबाईल दुरुस्ती करायचा, ती पण जमलं त्या दिवशी. तीन दिवस चांगले, चौथ्या दिवशी अंथरुणातून उठायला एक तास.

चार वर्षांपूर्वी हे गेले, रिटायर व्हायला दीड वर्ष असताना, ऑफिसातच. क्वार्टर सोडावं लागलं. आम्ही फरीदाबादला दोन खोल्यांत आलो. लुंबिनी गुरुग्रामला नोकरी करते, तिथंच इतर मुलींसोबत खोली घेऊन राहायची. घर चालायचं यांच्या फॅमिली पेन्शनवर आणि ती माझ्या नावावर. मी आहे तोवर. मला शुगर निघाली, मग एकदा छातीत दुखून तीन दिवस भरती झाले. तेव्हा सिद्धू माझ्या पलंगाशी बसलेला आणि मी त्याच्या तोंडाकडं बघून एकच विचार करत होते. मी गेले की पेन्शन बंद. लुंबिनीचं लग्न होईल, तिच्या घरचे कसे निघतील. याच्या गोळ्या कोण भरेल.

हरिदासभाऊ यांच्याच ऑफिसात होते, रिटायर झालेत. आपल्या लोकांचे सगळे फॉर्म तेच भरून देतात हे तुम्हाला माहीतच आहे. ते म्हणाले, "वहिनी, नियम आहे. मुलगा आजारामुळं कमवू शकत नाही असं सरकारी डॉक्टरांच्या बोर्डानं लिहून दिलं तर तुमच्या मागं पेन्शन त्याला चालू राहते, आयुष्यभर. तुम्ही जिवंत असतानाच त्याचं नाव पेन्शनच्या कागदावर चढवून ठेवता येतं."

आयुष्यभर. तो शब्द मी घरी येईपर्यंत मेट्रोत मनात धरून बसले होते.

पहिला बोर्ड जानेवारीत होता. आदल्या रविवारी सिद्धूनं चादर अंथरली, बापासारखी, आणि पांढरा शर्ट इस्त्री केला. बूट पॉलिश केले. दाढी केली. आणि टेन्शनचा दिवस म्हणून नियमाप्रमाणं गोळी डबल घेतली. मला पण नीळ दिलेली साडी नेसायला लावली. आम्ही दोघं असे गेलो जसं काही लग्नाला.

टेबलामागं तीन डॉक्टर. मला दाराशी उभं राहू दिलं. एकानं फाईल उघडली, दोन पानं उलटली. "हाथ दबाओ. पैर उठाओ. सीढ़ी कितनी चढ़ लेते हो?"

हा सरळ उभा. "दो मंज़िल तो चढ़ लेता हूँ सर. अच्छे दिन तीन भी."

मी दाराशी दात आवळले.

"रोज़ के काम खुद करते हो?"

"जी सर."

मधले म्हातारे डॉक्टर शेजारच्याला म्हणत होते की आज गाडी नाही, घरी कसं जायचं. तर या शहाण्यानं मध्येच विचारलं, "सर, जाना कहाँ है?" आणि त्यांना बस सांगितली. कुठं बदलायची ते पण. डॉक्टर हसले. म्हणाले, "बड़े स्मार्ट हो यार."

बाहेर आला तर खूश. म्हणाला, "मम्मी, चांगले लोक होते."

कागद आला तीन आठवड्यांनी. हरिदासभाऊंनी वाचून दाखवला. औषधावर स्थिर आहे, बसून करायचं काम करू शकतो. आणि खाली, अपंगत्वाच्या यादीत हा आजार येत नाही.

मी त्या दिवशी सिद्धूला जे बोलले ते लिहिते. मी म्हटलं, "काय गरज होती एवढं चांगलं दिसायची? तीन मजले चढतो म्हणे! बस सांगतो म्हणे! बरा दिसतोस ना, तेच आपल्याला नडलं. मी मेल्यावर बस सांगत बस स्टॉपवर, भीक तरी मिळेल."

 तो म्हणाला, "बाबा असते तर म्हणाले असते सरळ उभं राहा."

"बाबा नाहीत," मी म्हटलं. "आणि मी पण राहणार नाही."

हरिदासभाऊंनी अपील लिहिलं. दुसऱ्या बोर्डाची तारीख आली जूनची. ते म्हणाले, "कागद तर मी चांगले लावतो. पण वहिनी, बोर्ड कागद कमी बघतं, माणूस जास्त बघतं. या वेळेला इस्त्री जरा कमी करा." हसून म्हणाले. आम्ही पण हसलो. भाऊ, तुमची काही चूक नाही, तुम्ही कपड्यांचंच म्हणालात. मला माहीत आहे.

त्या आठवड्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्री होतं. शनिवारी मी डबा भरला. सिद्धूला म्हटलं, दाढी करू नको. मळका शर्ट काढून ठेवला, घरात घालायचा. तो शर्ट हातात धरून म्हणाला, "मम्मी, ॲक्टिंग करायची का? खोकू पण?" मी म्हटलं, खोक. तो खोकून दाखवायला लागला, लंगडून दाखवायला लागला, मी हसत होते. मग थांबला आणि म्हणाला, "खोटं नाही करणार हां मी. जे आहे तेवढंच दिसेल." मला वाटलं तो शर्टाचंच बोलतोय.

रविवारी दुपारी झोपून राहिला. सोमवारी जेवला नाही. मी म्हटलं, बरं वाटत नाही का? म्हणाला, "गर्मी है यार मम्मी. कोणाला बरं वाटतंय." मी झेरॉक्स काढायला गेले होते, तीन-तीन कॉपी, फोटो चिकटवायचे, लाईट गेलेली, दुकानात गर्दी. डबा बघायचा राहिला. रविवारी पण राहिला होता, कारण हरिदासभाऊ सकाळीच कागद घेऊन आले होते.

मंगळवारी सकाळी तो बाहेर आला आणि मी त्याच्याकडं बघितलं.

ओठ राखेसारखे. डोळे आत. भिंतीला हात लावून उभा. मळका शर्ट, वाढलेली दाढी. आणि मानस, मला आनंद झाला. माझ्या मनात आलं, आज दिसतोय. आज खरा दिसतोय. आज काम होणार.

मी विचारलं, "गोळी घेतली ना? डबल?"

"हो गं."

डबा ओट्यावरच होता. माझ्या हातापासून एवढा लांब. आठ वर्षं मी रोज झाकण उघडून बघितलं. त्या दिवशी नाही बघितलं. का नाही बघितलं असं मला कुणी विचारलेलं नाही, कारण कुणाला माहीतच नाही. मला माहीत आहे. बघितलं असतं तर द्यावी लागली असती.

लुंबिनीचा फोन आला तेव्हा आम्ही ऑटोत होतो. तिनं सुट्टी मागितली होती, मिळाली नाही. "मम्मी, पाणी नेलं ना? त्याला मीठ-साखरेचं दे. इंजेक्शन ठेवलंस ना?" मी म्हटलं, सगळं आहे. होतंच. पर्समध्ये, रुमालात गुंडाळून.

बोर्डाचा कॉरिडॉर लांब, खालून वरून भट्टी. एक पंखा, तो पण दुसऱ्या टोकाला. बाक भरलेले. कुणाचे पाय नव्हते, कुणी आंधळं, एक बाई मोठ्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली. आमचा नंबर चौदा. साडेदहाला पाच चालू होता. सिद्धू भिंतीला टेकून खाली बसला. शेजारच्या माणसानं विचारलं, "इसको क्या हुआ है? दिखता तो कुछ नहीं." सिद्धूच म्हणाला, "भैया, अंदर का वायरिंग गया है." तो माणूस हसला. हा पण हसला. ते त्याचं शेवटचं हसणं.

नंबर आठला त्याला उलटी झाली. कोपऱ्यात, नुसतं पाणी. मी पदरानं तोंड पुसलं. तोंड थंड होतं. एवढ्या उकाड्यात थंड, ओलं. माझा हात पर्सच्या चेनवर गेला. उलटी झाली की इंजेक्शन. माझ्या कानात ती डॉक्टरबाई बोलत होती, स्पष्ट.

मी म्हटलं, "देऊ?"

त्यानं दाराकडं बघितलं. "आता दिलं तर अर्ध्या तासात ठीक दिसेन ना मी."

मी पण दाराकडं बघितलं.

"किती चालू आहे?" त्यानं विचारलं.

"आठ."

"सहाच तर राहिलेत. मम्मी, नंबर झाल्यावर दे." मग माझा हात धरला, म्हणाला, "रडू नको ना. यांना बघू दे एकदा."

आणि मी चेन बंद केली. मी आई आहे त्याची. मला तीनदा पाठ करून घेतलं होतं. मी चेन बंद केली आणि पर्स मांडीवर दाबून धरून दाराकडं बघत बसले. नऊ. नऊला खूप वेळ लागला, व्हीलचेअर आत जाईना. दहा. दहावाले आत असताना त्यानं पुन्हा उलटी केली. मी शिपायाला म्हटलं, भैया, इसको पहले ले लो, तबियत ख़राब है. तो म्हणाला, "माताजी, यहाँ सबकी ख़राब है." रागानं नाही म्हणाला. खरंच होतं ते.

अकराला सिद्धू काहीतरी बोलायला लागला. मी कान जवळ नेला. बसचे नंबर सांगत होता. कुठं बदलायची, कुठं उतरायचं. कुणाला सांगत होता माहीत नाही. मी म्हटलं, सिद्धू, बेटा, तीनच राहिले. त्यानं मान माझ्या खांद्यावर टाकली आणि ती मान एकदम जड झाली.

मग मी चेन उघडली. बाटलीतलं पाणी आणि पावडर मिसळताना अर्धं साडीवर गेलं. पॅन्टवरूनच मांडीत टोचलं. लोक उभे राहिले, कुणीतरी स्ट्रेचर आणलं. त्याच बिल्डिंगच्या खाली इमर्जन्सी होती, दोन मिनिटं. त्या दिवशी तिथं सगळे लू लागलेले, उन्हानं पडलेलेच येत होते, तरी डॉक्टरनं माझ्या पर्समधली त्याच्या आजाराची चिठ्ठी वाचली आणि लगेच सलाईन लावलं, औषध दिलं. त्यानं मला विचारलं, "गोली कब से बंद है?"

मी म्हटलं, "बंद नहीं है. आज सुबह डबल ली है."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. सांगताना मला डबा दिसत होता, ओट्यावर, झाकण लावलेला.

लुंबिनी चार वाजता पोचली. तो दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आसपास गेला. शुद्धीवर आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, बहुत देर हो गई थी. लुंबिनीला वाटतं उन्हानं देर झाली.

घरी आणला तेव्हा तो मळका शर्ट मी काढला. पांढरा शर्ट काढला, जानेवारीचा. जमिनीवर चादर अंथरली आणि इस्त्री केली. बायका म्हणत होत्या, शैला, राहू दे, आम्ही करतो. मी दिली नाही. कॉलर दोनदा केली.

सगळे निघून गेले, तिसऱ्या दिवशी मी चहा ठेवला आणि सवयीनं डब्याचं झाकण उघडलं. मधली वाटी भरलेली. सोमवार भरलेला. मंगळवार भरलेला. मी जशा कापून ठेवल्या होत्या तशाच, बारकी अर्धी गोळी पण. त्यानं तीन दिवस एक पण घेतली नव्हती. तो म्हणाला होता ना, खोटं नाही करणार, जे आहे तेवढंच दिसेल. ज्या पोराला त्याच्या बापानं सरळ उभं राहायला शिकवलं त्याला मी पडायला शिकवलं, आणि तो शिकला.

लुंबिनी, तू विचारलं होतंस डबा कुठं गेला. माझ्या पेटीत आहे, साड्यांखाली. त्या सातही वाट्या तशाच आहेत. तुला राग येईल. येऊ दे. मला फोन नको करू आज. उद्या कर. पण कर.

ऑगस्टमध्ये बोर्डाचा कागद आला. हरिदासभाऊंनी वाचून दाखवला आणि चष्मा काढून ठेवला. लिहिलं होतं, नंबर पुकारल्यावर अर्जदार हजर नव्हता, पण केस बंद केलेली नाही, नवीन तारखेसाठी अर्ज करावा. अकरा नंबरपर्यंत तो दारापासून दहा पावलांवर होता. भाऊ म्हणाले, वहिनी, मृत्यूचा दाखला लावून केस बंद करायला पाहिजे. मी अजून लावलेला नाही. यांच्या पेन्शनच्या कागदात त्याचं नाव चढलं नाही आणि बोर्डाच्या कागदात तो मेला नाही, तिथं नुसता गैरहजर आहे. राहू दे काही दिवस.

मानस, तुझ्या कामाचं आता लिहिते. कागद हरिदासभाऊंकडून लावून घे. ज्या ज्या दिवशी मयुरा ॲडमिट होती त्या सगळ्या दिवसांचे कागद लाव, वाईट दिवसांची डायरी लिही, नोकरी सुटली त्याची चिठ्ठी लाव. तिचे वाईट दिवस कागदावर दाखव. तिच्या अंगावर दाखवू नको. नंबर गेला तर जाऊ दे, पुन्हा मिळतो. बोर्डाकडं तारखा खूप असतात.

तू तिला कधी म्हणालास का, बरी दिसतेस म्हणून काम होत नाही? हसत जरी म्हणाला असशील, तरी आज रात्रीच्या जेवणाआधी तिच्याजवळ बस आणि सांग की ते खोटं होतं. ही पोरं ऐकून घेतात आणि बोलत नाहीत.

आणि मंगळवारी सकाळी तिला विचारू नको गोळी घेतली का. ती हो म्हणेल. तू स्वतः झाकण उघडून बघ.